हरकत विचारणारा माणूस

भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी माझा हात अजून क्षणभर अडखळतो. घरात कोण कोण आहे ते मनाशी आठवते, त्यातलं कुणी नको म्हणेल का याचा विचार करते आणि मगच हातोडी उचलते. मुलं हसतात. "आई, कॅलेंडर लावायचंय, किल्ला सर करायचा नाही," म्हणतात. हसू देत बापडी. त्यांनी दामलेकाकांना पाहिलेलं नाही.

लढाई संपली होती, फाळणी होऊन गेली होती, आणि यांची कलकत्त्याला बदली झाली. यांच्या ऑफिसातल्या एका मराठी गृहस्थांनी भवानीपूरच्या एका गल्लीतला पत्ता दिला. मालक मराठी, वरचा मजला रिकामा, भाडं परवडण्यासारखं. आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा दार उघडणाऱ्या माणसाने आमच्याकडे पाहिलंच नाही. आमच्या डोक्यावरच्या छज्ज्याकडे बघत तो "या, या" म्हणाला. उंच, थोडा पोक आलेला, धोतरावर खाकी शर्ट, आणि भुवयांत पांढरी पूड बसलेली. मला वाटलं, बिचारे दळण आणायला गेले असतील. ती पूड काँक्रीटची होती आणि ती कधीच निघत नसे, हे मला नंतर कळलं.

"चहा खाणार ना?" त्यांनी विचारलं.

हे माझ्याकडे बघायला लागले. नीळकंठ दामल्यांचा जन्म कलकत्त्याचा, त्यांच्या वडिलांचाही तिथलाच. मराठी घरात टिकलेली, पण बाहेरच्या बंगालीचं पाणी तिच्यात मुरलेलं. ते चहा खायचे, पाणी खायचे, विडीसुद्धा खायचे. त्यांची बायको, आमच्या काकू, मूळच्या वाईच्या. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी त्या अजून त्यांना सुधारायच्या. "चहा पितात हो," त्या म्हणायच्या. "तेच," काका म्हणायचे, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा खायचे.

माणसांआधी छताकडे बघण्याची त्यांची खोड आयुष्यभराची होती. एकदा यांच्या साहेबांकडे सत्यनारायण होता. बायका गच्चीखालच्या पडवीत ओळीने बसलेल्या. काका प्रसाद घ्यायला आले, वर बघितलं, आणि कुणाला काही न सांगता एकेका बाईच्या समोरचं पान उचलून अंगणात नेऊन ठेवू लागले. साहेबांची बायको लाल झाली. यांना तर धरणी दुभंगावी असं झालं असणार. काकांचं म्हणणं एवढंच, की त्या गच्चीच्या पोटात लोखंड गंजलंय. ती गच्ची त्या दिवशी पडली नाही, पुढेही पडली नाही. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून शाबूत आहे. काकांना हे सांगितलं की ते म्हणायचे, "न पडलेलं बरं ना?"

त्यांचा धंदा घरं फोडण्याचा. म्हणजे पाडण्याचा नव्हे. कुणाला भिंतीत नवं दार हवं, कुणाला वरच्या मजल्यावर नळ न्यायला स्लॅबमध्ये भोक हवं, कुणाला जिन्याचं तोंड फिरवून हवं. त्या वर्षांत पलीकडून आलेल्या माणसांनी कलकत्ता भरून गेलं होतं. ढाक्याचे मामा, बारिसालची आत्या, त्यांची मुलं, सुना. चार माणसांच्या घरात चौदा झाली, आणि प्रत्येक घराला आणखी एक दार, आणखी एक चूल हवी झाली. गल्लीतले लोक काकांना 'भांगाबाबू' म्हणायचे, फोडणारे बाबू. त्यात कुचेष्टा कमी आणि गरज जास्त होती.

गंमत म्हणजे फोडायची निम्मी कामं त्यांचीच होती. लढाईच्या काळात ते याच घरांमध्ये काँक्रीट ओतत होते. जपानी विमानांच्या धास्तीने लोकांनी खिडक्या बुजवून घेतल्या, दारांसमोर आडभिंती बांधून घेतल्या, तळमजल्यावरच्या खोल्यांना जाड काँक्रीटच्या भिंती चढवून त्यांत लपायची सोय केली. भीती गेल्यावर त्याच लोकांना वारा हवासा झाला, उजेड हवासा झाला. "आपणच वाढायचं आणि आपणच खरकटं काढायचं, असला माझा धंदा," काका म्हणायचे. आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे: "किती भिऊन ओतलंय ते फोडताना कळतं, मुली. जेवढी भीती तेवढ्या सळया."

फोडण्याची त्यांची रीत सावकाश. आधी छताला लाकडी टेकू. मग गेरूच्या दोरीने आखणी. मग त्या रेघेवर छिन्नीने ओळीने भोकं, आणि मग भोकांमधलं अंतर हलक्या हाताने काढायचं, म्हणजे कड सरळ राहते आणि शेजारच्या खोलीतल्या गिलाव्याला तडा जात नाही. घण त्यांना मुळीच खपत नसे. "घण म्हणजे आळशाचं हत्यार," असं ते म्हणत. त्यांच्या घरी एक घण होता, पण तो कोळशाच्या खोलीचं दार आपोआप मिटू नये म्हणून दाराशी ठेवलेला असे.

आता त्यांच्या नियमाबद्दल.

पहिला घाव घालण्याआधी त्या घरात राहणाऱ्या सगळ्यांनी एकत्र बसून चहा घ्यायचा, अशी त्यांची अट असे. सगळ्यांनी म्हणजे खरोखर सगळ्यांनी. मालक, मालकीण, सुना, विधवा आत्या, भाडेकरू, जिन्याखाली राहणारा नोकर. चहा झाला की काका एकेकाला विचारत, "तुमची हरकत नाही ना?" सुरुवात सगळ्यांत धाकट्यापासून. मोठ्यांनी आधी तोंड उघडलं की धाकट्यांचं बंद होतं, हे त्यांचं कारण. एकानेही नको म्हटलं तर काम बंद. आणि कुणी गप्प बसलं तर? एका वकिलाने त्यांना ऐकवलं होतं म्हणे, की गप्प बसला तो राजी समजायचा. काका म्हणाले, "तुमच्या कोर्टात असेल. घरात गप्प बसणं म्हणजे नाही."

या नियमापायी त्यांची किती कामं गेली त्याला गणती नाही. बागबाजारची गोष्ट ते मला पुन:पुन्हा सांगायचे. जुनं मोठं घर, दोन भाचे, आणि त्यांची म्हातारी विधवा आत्या, पिशीमा. भाच्यांना तिच्या खोलीची भिंत काढून दिवाणखाना वाढवायचा होता. चहाला सगळे जमले. काकांनी मराठी असल्याचं सांगितलं तशी म्हातारी एवढंच बोलली, "शेवटी बोर्गी आलेच म्हणायचे घर फोडायला." बोर्गी म्हणजे मराठे. आपल्या घोडेस्वारांना अडवायला तिथल्या लोकांनी कधीकाळी शहराभोवती खंदक खणला, तो बागबाजारपासूनच. सगळे हसले, काकाही हसले. पण हरकत विचारल्यावर म्हातारी गप्प बसली. भाचे म्हणाले, "ती काय बोलणार?" काकांनी छिन्न्या गोळा केल्या आणि निघून आले.

महिन्याभराने ते दुसऱ्या कामासाठी त्याच बाजूला गेले आणि राहवेना म्हणून त्या घरात डोकावले. दुसऱ्या कुणीतरी भिंत काढून टाकली होती. पिशीमा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, लुगड्याचा पडदा बांधून, आपल्या देवांपाशी बसली होती.

"मग तुमच्या नियमाचा उपयोग काय झाला, काका?" मी विचारलं होतं. तेव्हा माझं वय पंचविशीचं आणि जीभ लांब. "तुमचे हात स्वच्छ राहिले, पण म्हातारीची भिंत राहिली नाही."

"हात स्वच्छ असलेले बरे असतात, मुली," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी पुढ्यातला चहा तसाच ठेवला.

खिदिरपूरचं काम मात्र ते घेत नसत. त्याचं कारण कुणी विचारत नसे; गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा माधव तिथे गोदीत नोकरीला होता. एके दिवशी भर दुपारी गोदीवर बाँब पडले आणि तो घरी आला नाही. लग्नाला वर्ष झालं होतं. त्याची बायको नलिनी त्या वेळी वीस-एकवीस वर्षांची असेल. ती नागपूरची. माहेरी परत जायला निघाली होती, पण काकूंनी तिचा हात धरून ठेवला, आणि ती राहिली ती राहिलीच.

आणि घरातली एक खोली त्याच माधवसाठी बांधलेली होती. बाँबच्या धास्तीने काकांनी स्वत:च्या घरात, तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला, लपायची खोली केली होती. बापलेकांनी मिळून ती ओतली. लोकांच्या घरी जेवढं लोखंड घालायचे त्याच्या दुप्पट तिथे घातलं. कलकत्त्यातली सगळी घरं पडली तरी ही खोली उभी राहावी, असा त्यांचा हिशेब. खोली उभी राहिली. मुलगा गोदीत होता.

त्या खोलीत काकू बसत. दुपारची आवराआवर झाली की आसन घेऊन जात आणि तासन्‌तास बसून राहत. एकदा त्यांना शोधत मी तिथे गेले. खिडकी नाही, आतल्या दारातून येईल तेवढाच उजेड. त्यांनी मला समोरच्या भिंतीवर हात ठेवायला सांगितला. बोटांना काहीतरी उंचवटा लागला. दिवा जवळ नेला तर भिंतीवर एक लहानसं जहाज होतं, धुराड्याचं, काँक्रीटमधून वर उठलेलं.

झालं होतं असं. लढाईत साच्याला फळ्या मिळेनात, तेव्हा माधवच्या लहानपणच्या पलंगाच्या फळ्या मोडून काँक्रीटच्या साच्याला लावल्या. त्यातल्या एका फळीवर माधवने लहानपणी चाकूने जहाज कोरलं होतं. पलंग खराब केला म्हणून काकूंनी त्याला तेव्हा मारलंही होतं. साचा काढला तेव्हा फळीवर कोरलेलं भिंतीवर उठून आलं, आणि अर्थातच उलट्या बाजूला तोंड करून.

"फळीवर ते जात होतं," काकू म्हणाल्या. "इथे येतंय."

 माझी लांब जीभ त्या दिवशी उपयोगाची नव्हती.

अडचण अशी की नलिनीला नेमकी तीच खोली हवी होती. तिने लहान मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेतलं होतं. गल्लीत पलीकडून आलेल्यांची कितीतरी मुलं दिवसभर उनाडत होती. तिने त्या खोलीत वर्ग सुरू केला. पण मुलं आणि त्यांच्या आया येणार कुठून? घराचं दार मागच्या बोळातून, आणि आत यायची वाट स्वयंपाकघरातून, देवघराला लागून. काकूंचं सोवळं कडक. दोन आठवडे त्यांनी सोसलं, मग भांडी आपटायला लागल्या. शिवाय मुलं अंधारात भेदरायची. वर्ग बंद पडला. त्या खोलीला रस्त्यावर एक दार हवं होतं, एवढाच प्रश्न होता. आणि ज्या माणसाने अर्ध्या कलकत्त्याला दारं पाडून दिली तो तिचा सासरा होता.

रस्त्याकडची भिंत ती केवढी. दोन्ही कडांना खांब, मध्ये जागा एका दाराची, आणि बरोबर त्या जागेत ते जहाज. हे मधल्यामध्ये शहाणपणा करायला गेले: "तेवढा तुकडा अख्खा काढून दुसरीकडे नाही का बसवता येणार?" काका म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्याही घरी काढला असता. इथे सळयांवर सळया बांधल्यात मी. जहाजाच्या पाठीमागे बोट शिरायला जागा नाही. त्या कापायला गेलं की वरचा थर सुटणारच." स्वत:च्याच हाताने त्यांनी ती वाट बंद करून ठेवली होती, आणि बोलताना ते आपल्या हाताकडेच बघत होते.

बराकपूरच्या एका मुलींच्या शाळेने नलिनीला नोकरी देऊ केली होती, राहण्याच्या जागेसकट. दुर्गापूजेची सुट्टी संपली की रुजू व्हायचं. तिला जायचं नव्हतं. "या दोघांना असं टाकून जाऊ का हो मी?" ती मला गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणाली. "पण अंधारात बसायला मला जमत नाही. सासूबाईंना जमतं. त्यांच्याकडे निदान आठवायला वीस-बावीस वर्षं आहेत. माझ्याकडे एकच आहे, ते केव्हाच आठवून संपलं." तिने हे न रडता सांगितलं आणि चिमटे लावत राहिली. मला मात्र खाली जाऊन तोंड धुवावं लागलं.

शेवटी एका रविवारी दुपारी काकांनी स्वत:च्या घरात चहा मांडला. काकू, नलिनी, आम्ही दोघं, आणि जिन्याखालच्या खोलीत राहणारा त्यांचा जुना मिस्त्री रामधनी. घरातले सगळे. काका एरवी लोकांकडे जाताना घालत तोच कोट घालून बसले होते. आपल्याच स्वयंपाकघरात कोट घालून बसलेला माणूस बघून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

नियमाप्रमाणे सुरुवात धाकट्यापासून. ती मी. मी म्हटलं, "माझी हरकत नाही." नलिनी म्हणाली, "माझी नाही." यांनी घसा खाकरून म्युनिसिपालिटीच्या परवानगीबद्दल दोन वाक्यं उच्चारली आणि शेवटी हरकत नसल्याचं जाहीर केलं. रामधनी म्हणाला, "हमको क्या हरकत, बाबूजी. बहूजी का दरवाजा है."

मग काकांनी काकूंकडे पाहिलं. "तुझी हरकत नाही ना?"

काकू कपात बघत राहिल्या. काका थांबले. चहावर साय धरली तरी थांबले. मग उठले आणि कोट काढून खुंटीला लावला. "राहू दे," म्हणाले.

"मामंजी," नलिनीने विचारलं, "आम्ही सगळे हो म्हणालो, ते कुठे गेलं?"

"एक 'नाही' पुरतं. नियम आहे तसा."

"मग तुमच्या नियमात घर फक्त 'नाही' म्हणणाऱ्याचं असतं."

एवढं बोलून तिने सगळ्यांचे कप गोळा केले आणि विसळायला घेतले. काका उभेच होते. बागबाजारच्या म्हातारीबद्दल मी त्यांना जे बोलले होते त्याच्या नेमकं उलट हे होतं, आणि तरी दोन्ही खरंच होतं. पिशीमाची भिंत नियमाने वाचली नाही, आणि नलिनीचं दार नियमाने अडलं. काकांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की हे त्यांनाही दिसलंय आणि त्यांना ते बघवत नाहीये.

पूजा आली, गेली. नलिनीने ट्रंक भरली. काकूंनी तिच्याबरोबर द्यायला चिवडा केला, मेतकूट केलं, आणि हे सगळं करताना एक शब्द बोलल्या नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी त्या खोलीत छताला टेकू लावले. काकूंनी ते पाहिलं. तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक बोळाशी आणून ठेवली होती. सियालदह स्टेशनला जायला रामधनी रिक्षा बघायला गेला होता. मी निरोप द्यायला खाली उतरत होते, एवढ्यात मागून धाडकन दार मिटल्याचा आवाज आला. कोळशाच्या खोलीचं दार. ते कधी मिटत नसे, कारण त्याला घण लावलेला असे.

काका घण घेऊन माझ्या समोरून गेले. मी त्यांच्या मागे गेले, नलिनीही आली. खोलीत काकू आसनावर बसल्या होत्या.

"ऊठ," काका म्हणाले.

काकू उठल्या. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मागे घेऊन जहाजासमोर उभ्या राहिल्या. "मला विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही विचारत. आज विचारत नाहीये मी."

त्या घरात राहायला आल्यापासून त्या माणसाचा आवाज काकूंवर चढलेला मी तरी ऐकला नव्हता, आणि तेव्हाही तो चढलेला नव्हता. तरी काकू बाजूला झाल्या. काकांनी कड आखली नाही, भोकं पाडली नाहीत. पहिला घाव त्यांनी थेट जहाजावर घातला. दुसऱ्या घावाला धुराडं गेलं. तिसऱ्याला तिथे काही आहे हे ओळखूही येईना. नंतर मला उमगलं, की जहाज शेवटी ठेवलं असतं तर काका तिथपर्यंत पोचलेच नसते, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मग त्यांनी घण खाली ठेवला आणि छिन्नी घेतली. नेहमीसारखं, सावकाश. रामधनी रिक्षा घेऊन आला, त्याने आत बघितलं, रिक्षावाल्याला परत पाठवलं आणि दुसरी छिन्नी उचलली. संध्याकाळपर्यंत ताटलीएवढं भोक पडलं आणि त्यातून कोपऱ्यावरचा पानवाला डोकावला. "की होच्चे, नीलकंठोबाबू?" काय चाललंय म्हणून त्याने विचारलं.

"दोरजा," काका म्हणाले. दार.

नलिनीची ट्रंक पुन्हा आत गेली. तिच्या डोळ्यांत आनंद नव्हता, असं मी म्हणणार नाही; होता, आणि त्याची तिला लाज वाटत होती. त्या दुप्पट सळया कापायला बरेच दिवस लागले. दिवसभर खोकत काका करवत चालवत राहायचे. काकूंनी आपलं आसन उचलून मागच्या खोलीत नेलं. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

बाकी सगळ्यांशी बोलायच्या. नलिनीशी तर पूर्वीपेक्षा जास्त. वर्ग सुरू झाला त्या दिवशी मुलांसाठी बेसनाचे लाडू त्यांनीच केले आणि खोलीच्या आतल्या उंबऱ्यापर्यंत आणून दिले. पण उंबरा ओलांडून त्या आत कधी गेल्या नाहीत. काकांचा सकाळचा चहाही त्या त्याच उंबऱ्यावर ठेवून जायच्या. काका तो उचलून नव्या दाराच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. एक दिवस चुकला नाही, चहाही आणि अबोलाही.

हे असं वर्षभर चाललं. मला ते बघवेना. एकदा काकूंबरोबर वाती वळत बसले होते तेव्हा मी सरळ विचारलं, "काकू, तुम्ही कधी हो म्हणाला असतात का?"

त्यांनी हातातली वात पूर्ण केली. "म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "मी काय पोरीचं वाईट चिंतते? पण त्यांनी एकदाच विचारलं. लोकांच्या घरी विचारतात तसं विचारलं. आणखी विचारत राहायला हवं होतं त्यांनी."

हे मी काकांना सांगितलं. ते नळाशी हात धूत होते. ऐकून हात तसेच पाण्याखाली धरून उभे राहिले. "आता काय विचारायचं?" म्हणाले. "दार तर झालं."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत केस विंचरत होते तेव्हा खालून त्यांचा आवाज ऐकला. पायरीवर बसून, आतल्या बाजूला मान वळवून ते विचारत होते, "अगं, तुझी हरकत नाही ना?" आतून उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. मग तो रोजचाच पाठ झाला. चहा उंबऱ्यावर ठेवून काकू वळल्या की त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीला तो प्रश्न, आणि मग स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. यांनी तर एकदा म्हटलं, की म्हातारा भ्रमिष्ट झाला. मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. अबोला काय असतो तेही कळू दे म्हटलं.

मग यांची दिल्लीला बदली झाली. जायच्या दिवशी सकाळी हावडा स्टेशनसाठी टॅक्सी नव्या दारासमोरच उभी होती. सामान चढत होतं. मुलं यायला अजून अवकाश होता; नलिनी खोलीत चटया अंथरत होती. रस्त्यावरचं ऊन दारातून थेट आतल्या उंबऱ्यापर्यंत गेलं होतं. काका कप घेऊन पायरीवर येऊन बसले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीने टॅक्सीच्या टपाकडे पाहिलं.

मग त्यांनी मान वळवली. "अगं, तुझी हरकत नाही ना?"

त्या दिवशी भांड्यांचा आवाज आला नाही. मी आत बघितलं. काकू गेल्या नव्हत्या. उंबऱ्यापलीकडे पदराचं टोक हातात धरून उभ्या होत्या, तोंड आमच्याकडे करून. नलिनी चटई धरून तशीच वाकून थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, त्याला मी हाताने गप्प केलं. काका वाट बघत होते. हातातल्या कपावर हळूहळू साय धरत गेली. काकूंचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण शब्द आला नाही. बऱ्याच वेळाने त्या वळल्या आणि आत गेल्या.

गप्प बसणं म्हणजे नाही, हा त्यांचाच नियम होता. काकांनी मान डोलावली.

"बरं," ते रिकाम्या उंबऱ्याला म्हणाले, "उद्या विचारतो." आणि गार झालेला चहा त्यांनी एका घोटात खाल्ला.